पानं पिवळी का पडली

रविवार, १४ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आता त्याचं कामच ते. शाळेत सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवा, मग पेटीत टाका. मी चार दिवस लेखणीच उचलली नाही. राग होता तिथेच आहे, तेव्हा आता लिहिते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या खोलीतल्या स्नेक प्लांटची पानं पिवळी पडून बुडाशी मऊ होताहेत, ती ऊन नाही म्हणून नव्हे. पाणी जास्त होतंय. गार, सावलीच्या खोलीत माती लवकर सुकत नाही. पेरभर बोट आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत तीन आठवड्यांतून एकदा पुरे. कुंडी अधूनमधून थोडी वळवायची, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, खिडकीच्या काचेला टेकवून ठेवायची नाही, गारठा बसतो. हे सगळं सप्टेंबरात तुला चार पानं भरून लिहिलं होतं.

तेव्हा तू विचारलं होतंस, ‘ताई, घरात एक खोली आहे, ऊन अजिबात येत नाही, कायम गार असते. तिथे काय जगेल?’ मी किती हरखले! माझ्या कुंड्यांमध्ये पेन्सिली खोचणारा माझा भाऊ झाडं लावणार! स्नेक प्लांट सांगितलं, नेचा सांगितला, पीस लिली सांगितली. काय जगेल, एवढंच विचारलंस. तिथे कोण राहणार आहे हे लिहायला शाई संपली होती का रे?

गेल्या रविवारी न कळवता आले ते बरंच झालं. तू बाहेर गेला होतास. पुढच्या खोलीत आईची खाट होती तिथे आता तुझं टेबल, आणि तुझा प्रिंटर मस्त ऊन खात बसलेला. तुझी बायको म्हणाली, “आईंना मागे शांत वाटतं. आणि तुम्ही सांगितलेल्या झाडांनी खोली किती छान दिसते, बघा तरी!” तुम्ही सांगितलेल्या. म्हणजे त्या अंधारकोठडीवर माझीही सही घेतलीत.

आई स्वेटरवर शाल आणि शालीवर तुझं जुनं जाकीट घालून बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने हातातला पाण्याचा पेला कुंडीत ओतला. अख्खा.

“अगं, तुझं पाणी ते!”

“त्यालाही लागतं की.”

“आणि तुला?”

“प्यायलं की जावं लागतं. त्या तीन पायऱ्या उतरायच्या, पुढे ओली फरशी. एकदा पडले मी. त्याला सांगू नकोस हं, घाबरतो तो.”

तू लिहितोस, ‘आईचं छान चाललंय, पाण्याचा जग रोज रिकामा होतो.’ होतो ना! कुंडीत चिखल झालाय आणि आईचे ओठ फुटलेत. पिवळी पानं दिसली तुला, चार ओळी लिहिल्यास त्यांच्यावर. ओठ नाही दिसले?

आठवतं, अंघोळ झाली की ती आपल्याला खिडकीतल्या उन्हाच्या चौकोनात उभं करायची? चौकोन सरकला की आपल्यालाही सरकवायची. तू पळून जायचास, मग तुला उचलून आणून पुन्हा उभं करायची.

आता माझं. गेल्या वर्षी तू विचारलंस, ‘थोडे महिने आईला नेशील का?’ मी उलट टपाली कळवलं, माझ्याकडे जागा नाही. जागा होती, धाकट्या. पूर्वेची खोली, दोन खिडक्या, सकाळपासून ऊन. तिथे माझ्या जिरेनियमच्या बावीस कुंड्या होत्या. तुझे भावोजी गेल्यापासून मी त्या खोलीत कुणाची चाहूल सहन करू शकत नव्हते. आईला सावलीत तू बसवलंस, पण ऊन मी अडवून ठेवलं होतं. म्हणून तुझ्यावरचा राग कमी झालाय असं समजू नकोस. तो आपल्या दोघांना पुरून उरेल.

काल ती खोली रिकामी केली. कुंड्या जिन्यात आहेत, शेजारी बोंबलताहेत, बोंबलू देत. शनिवारी अकराला गाडी घेऊन येते. मी आईला विचारलंय. ती म्हणाली, “त्याला वाईट वाटेल गं.” वाटू दे.

तिचे कपडे, चष्मा, औषधं बांधून ठेव. झाडं तुझ्याकडेच राहू देत, आणि त्यांना महिनाभर पाणी घालू नकोस. शनिवारपर्यंत पेला आईच्या हातात तू स्वतः दे, संपेपर्यंत समोर बस. मग हात धरून तिला त्या तीन पायऱ्या उतरव.

तुझीच (हा शब्द लिहायला आज फार वेळ लागला),
ताई