निळ्यात न बुडवलेली चाळण

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचून दाखवावं लागलं, कारण पहिल्या खेपेला तिची समजूत झाली की तू अंग घासायचा स्पंज पाठवते आहेस. म्हणाली, मला कशाला, माझं घासणं अजून धड आहे. तिला समजावलं, अगं, समुद्रातला, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दगडात गाडला गेलेला. त्याला तुझ्या लाडकीचं नाव देणार आहेत, मागे लॅटिनचं शेपूट लावून. मग काय, दूधवाल्यापासून जिन्यात भेटेल त्याच्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटली आहे. तुझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसायचं म्हणून नवी चप्पल घेतली, आणि ती पायाला रुळावी म्हणून दिवसभर घरात घालून फिरते. चटक चटक, चटक चटक. माझं डोकं उठलंय.

इकडची खबर सविस्तर कळव म्हणतेस. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. पण सविस्तर हवंय ना, तर बस निवांत. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेच्या बाईंनी मला ॲसिडच्या खोलीतून वर बोलावलं. खिडकीजवळचं टेबल, तोच मायक्रोस्कोप, तीच खुर्ची. तू उशी सोडून गेलीस ती मी काढून टाकली. मला कठीणच बरं वाटतं. खोकला आहे, पण कमी. हातोडी धरून धरून उजवा अंगठा आखडलाय, त्यामुळे एका केसाचा ब्रश धरताना आधी हात शेकावा लागतो. बाकी डोळे शाबूत आहेत. देवानं अक्कल बेताची दिली असेल, पण डोळ्यांत हात आखडता घेतला नाही.

पहिल्यांदा तुला त्या टेबलाशी मीच नेलं होतं, आठवतं? बाईंना म्हटलं होतं, माझी बहीण आहे, दहावी झालीय, माझ्यापेक्षा लवकर शिकेल. आणि शिकलीस, नाही कशाला म्हणू. खडकाचे तुकडे ॲसिडमध्ये टाकले की चुनखडी फसफसून विरघळते आणि खाली गाळ उरतो, त्या गाळात स्पंजाच्या काचेच्या सुया. स्पंज मेला की कुजतो, त्याचं अंग जातं, आतला सांगाडा सुटा होऊन विखुरतो. एखादं घर पाडलं आणि नुसते खिळे उरले तसं. त्या खिळ्यांवरून घर कुणाचं ते ओळखायचं. दोन्ही टोकांना अणकुचीदार सुई, एका टोकाला गोल डोकं असलेली टाचणी, चार हातांचं गोखरू, सहा हातांची फुली. सहा हात दिसले की एक घराणं, चार दिसले की दुसरं. तुला हे सगळं मी शिकवलं. ब्रश जिभेला लावायचा नाही, पाण्यात टेकवून झटकायचा, सुई ढकलायची नाही, चिकटू द्यायची, हेसुद्धा. आणि बाईंचा धडा तर तुला पाठच असेल: एका स्पंजात पाच प्रकारच्या सुया असू शकतात, आणि एकच सुई पन्नास स्पंजांत. म्हणून एकट्या सुईवर विश्वास ठेवायचा नाही. सुयांचा तोच मेळ पुन्हा धुतलेल्या गाळात पुन्हा सापडला, तरच तोंड उघडायचं.

आणि एक नियम होता. तोही मीच शिकवला. चाळणीच्या जाळीत आधीच्या खडकाच्या सुया अडकून राहतात. कितीही घासा, एखादी राहतेच. म्हणून जिनं चाळण वापरायला घ्यायची, तिनं ती आधी निळ्या पाण्यात बुडवायची. जुनं काही राहिलं असेल तर ते निळं होतं. मग नव्या गाळात निळी सुई दिसली की समजायचं, ही पाहुणी, हिला बाहेर काढा. किती सोपं. फक्त बोटं निळी होतात, नखं निळी होतात, आणि आठवडाभर जात नाहीत. माझी कायम निळी असायची. भाजीवाला विचारायचा, ताई, कुणाला विष घातलं का. तुझी बोटं मात्र नेहमी कशी स्वच्छ. तेव्हा तुझ्यासाठी स्थळ बघायचं चाललं होतं. मला वाटायचं, असू दे, पोरीची हौस आहे.

तो दिवस तू विसरली असशील. मी विसरलेले नाही, म्हणून सांगते. तुझी चाळण फाटली होती. तू माझ्या खुंटीवरची घेतलीस. मी तिच्यातून काळा खडक धूत होते. तू ती तशीच घेऊन पांढऱ्या टेकडीचा खडक धुतलास, आणि काळ्या खडकातल्या सुया पांढऱ्याच्या ताटलीत गेल्या. सगळा हंगाम वाया. बाईंनी आपल्या दोघींना उभं करून विचारलं आणि तू रडत म्हणालीस, ताई म्हणाली होती बुडवलेली आहे. मी कधी म्हणाले? मी तर त्या वेळी खाली डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. मी ओरडले. मी ओरडतेच, माझा आवाजच तसा आहे, साधं मीठ मागितलं तरी आईला वाटतं भांडतेय. आणि ओरडणारीचं कोण ऐकतं? रडणारीचं खरं ठरलं. कुणी आपल्या दोघींचे हात पाहिले असते तरी पुरलं असतं. माझे निळे, तुझे गोरेपान. पण हातांकडे कोण बघतं, सगळे तुझे डोळे पुसत होते.

मग मी ॲसिडच्या खोलीत. दगड फोडायचे, पिंपात टाकायचे, वाफ खायची. वर तुझ्याकडे माझं टेबल. घरी आल्यावर तू मला एकदा तरी म्हणशील, ताई, चुकलं माझं, म्हणून मी वाट पाहिली. तू एकदा हातमोजे आणून दिलेस. छान होते. मी ते घातले नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, जाऊ दे गं, ती लहान आहे. तू तिशीची झालीस तरी लहानच होतीस. तुझं लग्न जमलं, मोडलं, तेव्हाही तू लहान होतीस आणि तुला खुर्चीची गरज जास्त होती. मग मोठ्या म्युझियमनं तुला बोलावलं, हाताखाली माणसं दिली, आणि आईनं सगळ्यांना सांगितलं की थोरलीही बाईंच्याच प्रयोगशाळेत आहे, पण खाली. मला ते ‘पण खाली’ अजून ऐकू येतं.

आता तुझ्या स्पंजाकडे येते. चार हातांचं गोखरू, आणि त्याच्यासोबत जहाजाच्या नांगरासारखी ती लांब दांड्याची सुई, तीन आकड्यांची. असा मेळ आजवर कुणी पाहिला नव्हता. तू जायच्या आधी बाईंनी तुझ्याकडून दोनदा धुऊन घेतला, दोन्ही वेळा मेळ जमला. म्हणून नाव ठरलं, तुझं. पण बाई काही उगाच बाई नाहीत. छापायला द्यायच्या आधी त्यांनी सगळ्या सुया उजेडाखाली पुन्हा बघितल्या आणि म्हणाल्या, गोखरू दुधी आहेत, नांगर मात्र काचेसारखे पारदर्शक. एकाच दगडात, एकाच मढ्याच्या सुया अशा वेगवेगळ्या कशा पिकतील? आणि मला म्हणाल्या, तिसऱ्यांदा धू, आणि मी इथे उभी राहते.

मी तू वापरलेलीच चाळण घेतली. निळ्यात बुडवली. बाई बघत होत्या, तरी मी ती पुन्हा बुडवली. गाळ धुतला, वाळवला, टेबलावर घेतला. गोखरू आले, ढिगानं आले. नांगर एकच आला, आणि तो निळा होता. म्हणजे चाळणीत अडकून राहिलेला, काळ्या खडकातला. खरं सांगते धाकटे, एकदा मनात आलं होतं, ब्रशनं उचलून फेकून द्यावा. मग बाई म्हणाल्या असत्या, या खेपेला नांगर मिळाले नाहीत, पुन्हा बघू, आणि तुझा स्पंज अजून वर्षभर तग धरून राहिला असता. हात शेकलेला होता, ब्रश ओला होता. मी तो निळा नांगर उचलला आणि ताटलीच्या मधोमध ठेवला, बाईंना बघायला वाकावं लागू नये म्हणून.

बाईंनी तो मायक्रोस्कोपखाली पाहिला. मग म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी चाळणीला विचारायचं सोडून तुझ्या बहिणीला विचारत बसले. तुझ्यावर रागावल्या नाहीत, हे तुला सांगितलं पाहिजे. गाळ मिसळतो, सगळ्यांकडून होतं, म्हणाल्या. छापणं थांबवलं. तुला फोन करून विचारणार होत्या. मीच म्हटलं, फोनवर नको, ती रडेल आणि तुम्हाला ऐकू येईल ते खरं वाटेल. समोर बसून विचारा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि जुनं प्रकरण त्यांनी स्वतःच काढलं. मी झालं ते सगळं सांगितलं. या वेळी ओरडले नाही. जमतं मला.

म्हणजे बाई तुझ्याकडे सत्काराला येतायत असं जे तू आईला कळवलंस, ते तितकंसं बरोबर नाही. त्या तिन्ही ताटल्या घेऊन येतायत. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, तुझ्या टेबलाशी बसतील आणि दोनच गोष्टी विचारतील: चाळण निळ्यात बुडवली होतीस का, आणि त्या जुन्या प्रकरणात ताई खरंच तसं म्हणाली होती का. खरं सांगितलंस तर तुझ्या साहेबांना त्या एवढंच सांगतील की गाळ मिसळला, आणि तुझी खुर्ची राहील. खोटं बोललीस तर ती खुर्ची त्या स्वतः काढून घ्यायला सांगतील, असं मला म्हणाल्या. तू काय बोलशील याचा मी खूप विचार केला. तो स्पंज दोन्ही वेळा तू एकटीनं धुतलास. मी तेव्हा खाली दगड फोडत होते, तूच तिथे पाठवलं होतंस मला, त्यामुळे माझं नाव घ्यायची सोय तुला राहिलेली नाही. आई पहिल्या रांगेत असेल. तिला मी काही सांगितलेलं नाही, ते तूच सांग. आणि तुला सावध करायला मी हे पत्र लिहिलं, असं समजून हुरळून जाऊ नकोस. बाई आयत्या वेळी येऊन विचारून गेल्या असत्या, तर सगळं घटकाभरात उरकलं असतं. मला ते नको होतं. ‘ताई, चुकलं’ या दोन शब्दांसाठी मी रोज सकाळी तुझ्या तोंडाकडे बघत चहा प्यायले. आता त्या सकाळपर्यंत तू वाट बघ. रोज उठ, म्युझियमला जा, हार-तुऱ्यांची तयारी चाललेली बघ, लोक अभिनंदन करतील तेव्हा हसून दाखव. वाट बघणं म्हणजे काय असतं ते तुला कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच सख्खी,
थोरली