उन्हात न दिसणारी ज्योत

रविवार, संध्याकाळ

आज बाबांना घेऊन रामशेज किल्ल्यावर गेले. हिमालयात न्यायला घेतलेला फिल्टर आणि स्पिरिटचा स्टोव्ह एकदा वापरून बघायचा होता. गडावरच्या टाक्यातलं हिरवट पाणी फिल्टरच्या पिशवीत भरून पिळलं, अगदी नितळ आलं. स्टोव्ह पेटवला, पण भर उन्हात ज्योत दिसेचना. "विझला गं," म्हणत बाबा वरून स्पिरिट ओतायला निघाले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस! मी त्यांचं मनगटच धरलं. मग ते जरा वाकले आणि त्यांच्या सावलीत निळी ज्योत हलताना दिसली. किती वेळ नुसते बघत बसलो कोण जाणे, वर ठेवलेला चहा आटून अर्धा झाला.

"हिमालयात एकटीच जाणार ना?" बाबांनी विचारलं. मी हो म्हटलं.

ती निळी ज्योत अजून डोळ्यांसमोर आहे. तिथल्या उन्हात सावली कोण धरेल?