विळा घेऊन चालणाऱ्या बायका

मामा, त्या बोर्डाला काय काय लागलं ते आधी सांगतो. आठ बाय सहाचं कापड, दोन बांबू, सुतळीचा एक गुंडा आणि मशीनवरची वीस मिनिटं. बिलात एवढंच आलं. बिलात आलं नाही ते म्हणजे एका पोरीचं जमू पाहणारं लग्न. तेही अशा पोरीचं, जिच्या आईनं मला उन्हातनं आलायसा म्हणून न मागता ताक आणून दिलं होतं. तुम्ही असता तर पाठीत ब्रशचा दांडा बसला असता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या आठवड्यात मी पाठ आखडून घेऊनच फिरत होतो.

तुम्ही गेलात तेव्हा भिंती रंगवायचे दिवस होते. आता भिंतीला कोणी हात लावत नाही. कापडावर छापायचं, बांबूला ताणायचं आणि चौकात उभं करायचं. आपल्याकडं त्याला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाला डिजिटल, निवडून आल्यावर डिजिटल, मेल्यावरही डिजिटल. तुमच्या हाताखाली अक्षर शिकलेला मी आज अशा तीन मशीनांचा मालक आहे, आणि मागच्या महिन्यात एका हॉलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं झालं. माईक हातात आल्यावर मीही मागं राहिलो नाही. म्हटलं, 'पावणं, बोर्ड काय, सगळेच लावतात. मी एक अख्खं गाव चालायला लावलं.' टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा आवाज अजून कानात आहे, आणि बरा वाटत नाही, म्हणून आज रविवारी दुकान बंद ठेवून हे लिहायला बसलोय.

काम असं आलं. गावोगाव शुगर आणि बीपी तपासणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम दुकानात आल्या. म्हणाल्या, बायकांनी रोज अर्धा तास चालावं एवढंच आम्हाला हवंय, पण नुसतं 'चाला' म्हणून कोणी चालत नाही. साबण खपवतात तशी ही सवय खपवायची. त्याआधी गावाची माहिती काढायची: आज कोण चालतं, कुठं चालतं, किती वाजता, आणि जे चालत नाहीत त्यांना काय अडवतं. बोर्ड त्याच्यानंतर. मी हसलो. म्हटलं, 'मॅडम, हे मला आमच्या मामांनी शिकवलंय.' आणि खरंच, मला मुरगूडची ती भिंत आठवली. खताच्या दुकानाची जाहिरात होती, आणि तुम्ही मला ब्रश न देता समोरच्या हॉटेलच्या बाकावर दिवसभर बसवलंत. संध्याकाळी विचारलंत, 'किती गेली माणसं?' मी ऐटीत आकडा सांगितला. 'त्यातल्या किती जणांनी भिंतीकडं बघितलं?' ते मी मोजलंच नव्हतं. 'मग उद्या परत बस. भिंत काय बघतोस, बघणाऱ्याला बघ.'

म्हणून मी बसलो. गडमुडशिंगीच्या पलीकडचं गाव, दूध डेअरीचा कट्टा, आणि मी वही घेऊन. संस्थेचा छापील फॉर्म होता, त्यात प्रश्न होता: तुम्ही व्यायाम करता का? सगळ्या बायकांनी सांगितलं, न्हाय. एक म्हातारी तर किटली आपटून म्हणाली, 'व्यायाम? आणि आमी? मग शेण कोण काढायचं, तुमी?' सगळा कट्टा हसला, मीही हसलो. पण तुम्हाला ठाऊक आहे, माझं तोंड हसत असलं तरी कान कामावर असतात, आणि डोळेही. मला दिसत होतं, रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला मूठभर बायका हातात विळा घेऊन कालव्याच्या रस्त्याला जातात आणि पाऊण तासानं परत येतात. विळा हातात, पण वैरण कुणाच्याच डोक्यावर नाही.

चौथ्या दिवशी त्यातल्या पुढं चालणाऱ्या बाईला मी तिच्या दारात गाठलं. ताक दिलं ते तिनंच. मी विचारलं, 'वैनी, विळा रोज दिसतोय, वैरण काय दिसत न्हाय?' तिनं इकडं तिकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. 'विळा हातात असला की कोण इचारत न्हाय ओ. मोकळ्या हातानं निघालं की धा तोंडं. कुठं निघालीस? घरात काय काम न्हाय व्हय?' मी म्हटलं, 'मग चालतासा तरी कशाला एवढं?' मग तिचा आवाज खाली आला. 'डॉक्टरनं सांगितलंय. शुगर हाय मला. पर ते घरातल्या घरात हाय बगा. पोरगी लग्नाची हाय माझी.'

दोन गोष्टी सांगितल्या तिनं, मामा. ह्या कानांनी दोन्ही ऐकल्या. वहीत मी पहिलीच लिहिली.

निघताना फोटो मागितला. 'फोटो कशाला?' 'रिपोर्टला लागतोय.' 'मग थांबा, पदर नीट घेतो,' म्हणाली, आणि दारातच उभी राहिली. हातात विळा होताच. फोटो असा आला, असा आला, की दुकानात येईपर्यंत माझ्या डोक्यात ओळ तयार. विळा राहू दे घरी, चला स्वतःसाठी! खाली बारीक अक्षरात: रोज अर्धा तास चाला, शुगर पळवा. मॅडमनी फोनवर विचारलं, 'त्या ताईंची परवानगी घेतलीत ना?' मी म्हटलं, 'मॅडम, घरातली माणसं हाईत ती. ताक पिऊन आलोय.' शुक्रवारी सकाळी कालव्याच्या फाट्यावर बोर्ड उभा राहिला. मी लांबून बघितलं आणि वाटलं, मामा असते तर आज काहीतरी बोलले असते.

शनिवारी मोजायला गेलो. पाच वाजले, साडेपाच वाजले, रस्त्यावर एकही बाई नाही. समोर चहाच्या खोपटात बसलो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते, मला पाठमोरे. 'आता कोण बी विळा घेऊन निघाली की म्हणायचं, काय वैनी, शुगर किती निघाली?' दुसरा खदखदून हसला. सवयीनं मीही हसलो, मामा. हसून झाल्यावर मला कळलं की मी काय केलंय. जे पांघरूण त्या बायकांनी स्वतः विणलं होतं, ते मी आठ बाय सहाच्या कापडावर छापून फाट्यावर फाडून दाखवलं होतं. आणि त्या दोघांतला एक पुढं म्हणाला, 'उद्या तिच्या पोरीला बगाय शिरोळचं पावणं येणार हाईत की. ह्याच रस्त्यानं येतील.'

तेव्हाच उठून बोर्ड उतरवायला पाहिजे होता. मी नाही उतरवला. शिडी नव्हती हे एक कारण. खरं कारण, बोर्ड चांगला झाला होता. वाटलं, गाव हसतंय ते दोन दिवस, पावणे काय बोर्ड वाचत येतात काय. मनाची अशी समजूत घालत मी घरी आलो, जेवलो आणि झोपलोसुद्धा.

रविवारी सातला फोन. तिचा धाकटा दीर. 'तुमीच का ते डिजिटलवालं?' 'व्हय.' 'आमच्या वैनीला फाट्यावर टांगलंयसा तुमी. साडेनऊला पावणं येणार हाईत. त्याच्या आत ते काडायचं. न्हाय काडलं तर मी काडतो, आणि मग तुमच्याकडं येतो.' फोन बंद. सुट्टी, पोरं कामावर नाहीत. एकट्यानं शिडी गाडीच्या टपावर बांधली आणि निघालो. वाटेत एक ऊसगाडी आडवी, तिच्या मागं गाडी रखडत चाललेली, आणि मी घड्याळाकडं आणि रस्त्याकडं आलटून पालटून बघतोय. फाट्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शिडी लावली, वर चढलो. एका हातानं शिडी धरली, दुसरा सुतळीवर. गाठी मीच पोरांना शिकवलेल्या, वाऱ्यानं सुटू नयेत अशा. नखं मोडली. खाली उतरून गाडीतनं चाकू आणला, परत चढलो.

आणि तिथं शिडीवर, मुरगूडची दुसरी आठवण आली. त्याच भिंतीवर खताच्या पोत्याशेजारी मी एक बाई काढली होती, आणि हौसेनं समोरच्या घरातल्या पोरीचं नाक-डोळे तिला दिले होते. हुबेहूब. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही चुन्याची बादली उचललीत आणि भर दुपारी, सगळ्या बाजारासमोर, त्या चेहऱ्यावर तीन हात मारलेत. 'तिनं तुला सांगितलंय का, मला भिंतीवर चढव म्हणून?' एवढंच बोललात. परतीच्या एस्टीत तुम्ही माझ्यापासून लांबच्या सीटवर बसलात. मग कोल्हापूर आल्यावर तुमचा खारीच्या केसांचा बारीक ब्रश, जो तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, तो माझ्या खिशात घातलात. राग आणि ब्रश एकाच दिवशी दिलात. मी ब्रश लक्षात ठेवला.

डावीकडची गाठ सुटली. अर्धं कापड खाली लोंबलं, पण तिचा अर्धा चेहरा, विळा आणि 'शुगर पळवा' एवढं अजून दिसत होतं. आणि गाडी आली. पांढरी, शिरोळकडची माणसं. काच खाली झाली. 'ओ पावणं, डेअरीजवळचं घर कुठनं जायचं?' मी हातानं दाखवलं. मागच्या सीटवर एक वयस्क बाई, डोळे बारीक करून वर बघत होत्या. हळू बोलल्या, पण मला ऐकू आलं: 'शुगर पळवा. ही कोण गं बया?' मग मोठ्यानं, 'ओ, ही ह्याच गावची काय?'

तोंड हा माझा धंदा आहे, मामा. ते माझ्या आधी उघडतं. 'न्हाय ओ मावशी, नटी हाय ती. पुण्यासनं आणलीया फोटोला.' 'असं व्हय,' म्हणाल्या, काच वर गेली, गाडी गेली. धुरळा बसेपर्यंत मी शिडीवर स्वतःवर खूश होतो. धुरळा बसला आणि मग लक्षात आलं की त्या घराचं दार कोण उघडणार आहे.

पुढचं मला दिरानं नंतर सांगितलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मावशी बघतच राहिल्या. 'फाट्यावर शिडीवर एक माणूस हाय, तो तर म्हणला, तुमी पुण्याच्या नटी हायसा.' वहिनींना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'नटी न्हाय, मीच हाय. शुगर बी हाय, दोन वरसं झाली. चालतो म्हणून आटोक्यात हाय.' पावण्यांनी पोहे खाल्ले, पोरीला शाळा किती झाली विचारलं, पोरगी चांगली आहे म्हणाले. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. मी दिराला म्हटलं, 'शुगरमुळं मोडलं का ओ?' तो माझ्याकडं बघत म्हणाला, 'शुगर काय, त्यांच्या बी घरात असंल. पर त्यांना वाटलं, आमीच माणूस बसवून बोर्ड काडून घेतला आणि खोटं सांगायला लावलं. जी माणसं हे लपवत्यात ती आणि काय काय लपवतील, असं मध्यस्थाजवळ म्हणलं.'

म्हणजे बोर्डानं मोडलं नाही, मामा. माझ्या तोंडानं मोडलं.

मी माफी मागायला गेलो. तिनं बसा म्हटलं, मी बसलो. पोरगी आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी बरंच काही बोललो, शिरोळला जाऊन त्या लोकांना खरं सांगतो म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. 'आता नगा जाऊ,' म्हणाली. 'तुमी गेलासा की परत आमीच धाडलं म्हणतील.' आणि मी उठताना, अगदी साध्या आवाजात, 'तुमी रिपोर्टला म्हणलासा.' ताक नाही, चहा नाही. पोरीचं पुढच्या वर्षी कागलकडं जमलं, बरं घर मिळालं असं ऐकलं. ऐकलंच, बोलावणं कशाला येईल?

मॅडमना मी सांगितलं, बोर्ड वाऱ्यानं फाटला. त्या म्हणाल्या, दुसरा लावूया. मी म्हटलं, नको, ह्या गावाला बोर्डाशिवायच जमेल. त्यांना ते फार हुशारीचं वाटलं. महिना-दीड महिना कालव्याचा रस्ता मोकळा होता. मग गाव हसून हसून कंटाळलं, दुसरं काहीतरी हसायला मिळालं, आणि एका संध्याकाळी बायका परत दिसल्या, पुढं आता दुसरीच कोणीतरी, प्रत्येकीच्या हातात विळा. मी गाडी लांब लावून मोजलं. तो आकडा शेवटच्या रिपोर्टात 'मोहिमेनंतर नियमित चालणाऱ्या महिला' ह्या रकान्यात गेला. सुरुवातीचा आकडा फॉर्मवरनं घेतला होता. फॉर्मवर सगळ्यांनी न्हाय म्हटलं होतं, म्हणून तिथं शून्य. दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, माणसानं कमाल केली. त्याच दोन आकड्यांवर माझा सत्कार झाला.

वहीत मात्र पहिल्या चार संध्याकाळी मी स्वतः डोळ्यांनी मोजलेला आकडा होता. तो कुणी मागितला नाही, मी दिला नाही. तुम्ही मागितला असता. 'त्यातल्या किती तुझ्यामुळं चालल्या?' असंच विचारलं असतं तुम्ही, आणि मी परत बाकावर जाऊन बसलो असतो.

हे कागद मी कुठं पाठवणार? घडी करून दुकानातच ठेवतो. बायकोला दाखवायचाही धीर नाही, आणि मॅडमना तर नाहीच. त्यांच्याकडनं पुढच्या तीन गावांचं काम यायचंय आणि मी ते नाही म्हणेन असं मला वाटत नाही. एवढं कबूल करतो.

बोर्ड लागायच्या आधी त्या रस्त्यावर अकरा बायका चालत होत्या. आता दहा चालतात.