बिनसिमेंटचा रस्ता

अप्पा, आज आपल्या नेऱ्याच्या वस्तीवरच्या रस्त्यावरून पाण्यानं काठोकाठ भरलेला टँकर गेला, आणि रस्त्यानं हूं की चूं केलं नाही! त्यात सिमेंटचा कणसुद्धा नाही बरं का. वीजकेंद्राची राख, पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगची पूड, खडी, क्रशरची वाळू आणि क्षाराचं द्रावण, बस्स. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र जाणार कुठं? पण आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "येडी झालीस का गं? राखेनं भांडी घासत्यात." सरपंच दुसरं काय म्हणाले होते! "पन्नास पावलांचा तुकडा करून दाव. तडकला तर पुन्यांदा गावात ह्ये खूळ काढायचं न्हाई." ह्या खुळापायी मी चांगली नोकरी सोडलेली, अप्पा. तुकडा तडकला असता तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

माणमधल्या भाड्याच्या खोल्यांचा स्लॅब आठवतो? मी अकरावीत. पाणी मारायचं काम माझ्यावर सोपवून तुम्ही भुकूमला गेलात, मी पुस्तकात डोकं घालून बसले आणि पाणी साठवायला स्लॅबवर बांधलेली आळी कोरडी ठणठणीत पडली. सगळ्या बिगाऱ्यांसमोर तुम्ही ओरडताय, "लेकराला पाजायला इसरशील व्हय? सिमेंट बी तान्हं असतंय!" लई रडले होते मी. तेव्हापासून ओलं काँक्रीट दिसलं की माझा हात पाइपाकडे जातो. आणि आमच्या ह्या काँक्रीटला तर सुरुवातीला पाणी अजिबात चालत नाही! क्षार धुऊन जातो, वरचा थर पांढरा, भुसभुशीत होतो. सगळ्यांना दहादा बजावलं होतं मी. आणि काँक्रीट ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, पाइप धरून उभी कोण? मीच! कडेचा हातभर कोपरा भिजल्यावर भानावर आले. तुमच्या हाताखाली थापी धरायला शिकलेले मिस्त्रीकाका तेवढे बघत होते. "ऱ्हाऊ दे, कुनाला सांगू नगंस," म्हणाले.

आज टँकर यायच्या आधी सरपंचांनी नेमकं त्याच पांढऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. काका पुढं झाले. "म्या मारलं पानी. सवय हाय हाताला." मग टँकर आला, त्या कोपऱ्यावरूनही गेला. वरचा पापुद्रा तेवढा निघाला, तडा एक नाही! नाचावंसं वाटलं, अप्पा, खरंच. सरपंचांनी खाली बसून हात फिरवला आणि म्हणाले, "पक्का हाय गं. साळंपतोरचा रस्ता तूच कर." "फकस्त," ते म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याला पाइपापासनं लांब ठेव." सगळे खो खो हसले. काकाही मान खाली घालून हसले.

मीही हसले, अप्पा.