चौथी बैठक

नांदे,
शुक्रवार

प्रिय नंदा,

परवा तू फोनवर एवढं बोलत होतीस आणि मी नुसतं "हो, हो" करत राहिले. तुला वाटलं असेल, बाई घाईत आहेत. घाई नव्हती गं. आज शाळेतून आल्या आल्या कागद घेऊन बसलेय. खालच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं अजून कंपनीतून परतलेली नाहीत, घर शांत आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तुझ्या तोंडाकडे बघून तर मला मुळीच जमणार नाही.

आधी एक बातमी सांगते. गेल्या रविवारी वेदांतचं नवं घर बघायला म्हाळुंग्याला गेले होते. लेकाचं घर म्हणून कौतुकानं सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या. खाली उतरले तर शेजारच्या बांधकामावर, पत्र्याच्या खोलीपुढे, एक मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मी ओळखलं नाही. तिनंच हाक मारली, "बाई, मी सृष्टी. नंदाबाईंच्या शाळंतली." तुझ्या वस्तीतल्या तुकाबाईची मुलगी. एवढ्यात तुकाबाई डोक्यावरची पाटी उतरवून आली. मी विचारलं, मेंढरं कुठं आहेत, इथं कशी तू? ती म्हणाली, "मेंढरं दिराकडं दिली. शाळा हुती तवा पोरीला नंदाकडं सोडून मी रानात जायाची. आता खालच्या गावाला येवढ्याशा पोरीनं एकटीनं कसं जायाचं? म्हून घिऊन आले हितं."

सृष्टीला मला काहीतरी दाखवायचं होतं. समोरच्या फलकावरचं तिनं मोठ्यांदा वाचलं, "सावधान. वर काम चालू आहे." खालच्या ओळीत 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही' असं होतं, तिथं अडली. म्हणाली, "जोडाक्षरं र्‍हायली, बाई. तवाच शाळा बंद झाली." मग तिनं विचारलं, नंदाबाई परत कधी येणार. मी तिच्या भावाच्या गालावरून हात फिरवला आणि रिक्षात येऊन बसले.

नंदा, तू तिसरीत माझ्याकडे होतीस, तेव्हा वस्तीवरून उतरून यायचीस ती सगळ्यांच्या आधी. मी कुलूप काढायला पोचायच्या आत पायरीवर बसलेली असायचीस. पुढं तू डी.एड. झालीस, कंत्राटावर का होईना पण आपल्याच वस्तीवर शिक्षिका म्हणून गेलीस, तेव्हा मी केंद्रातल्या सगळ्या शाळांत पेढे वाटले होते. सात पोरांची शाळा. केंद्रप्रमुखांसोबत मी तपासणीला आले होते तेव्हा तू मेंढरांच्या कळपावरून बेरीज वजाबाकी शिकवत होतीस. मी तीस वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

मग फेब्रुवारीतलं ते धरणं. अकरा दिवस आपण शिक्षणाधिकारी साहेबांच्या कार्यालयासमोर बसलो होतो. आपल्या दोनच मोठ्या मागण्या होत्या. पट घसरल्यामुळं अतिरिक्त ठरलेल्या कायम शिक्षकांना तालुक्याबाहेर पाठवू नका, आणि तुम्हा कंत्राटी शिक्षकांचा करार तीन वर्षांचा करा, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या शाळा टिकतील. तुला सगळ्यांत जास्त धोका, आणि तूच सगळ्यांत पुढं. मी तुला मागं बस म्हणाले होते. तू हसलीस, "आमीच मागं बसलो तर पुढं कोन बसनार, बाई?" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो तुझा. मी तो कापून ठेवला.

वाटाघाटीला संघटनेचे आम्ही पाच जण होतो. पहिल्या तीन बैठकांत काहीच निघालं नाही, ते तुला ठाऊक आहे. चौथ्या बैठकीचं मात्र तुला जे ठाऊक आहे ते खोटं आहे, आणि ते मी सांगितलेलं आहे.

त्या दिवशी दुपारी साहेबांनी आमच्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, दोन्ही मागण्या मान्य होणार नाहीत. एक घ्या, दुसरी सोडा, आणि आजच सांगा. ते बाहेर गेले. आपले अध्यक्ष इंद्रजित सर म्हणाले, "मी एकटा ठरवणार नाही, हात वर करा." दोन हात कायम शिक्षकांसाठी वर झाले. इंद्रजित सर आणि आणखी एक जण तुमच्या बाजूनं. राहिले मी. सगळे माझ्याकडे बघत होते. सरांना वाटलं, अनसूयाबाईंचं काय विचारायचं, त्या तर नंदाच्या.

नांद्यात इंग्रजी शाळा झाल्या, आमचा पट उतरला, अतिरिक्तांच्या यादीत माझं नाव चौथं होतं. वेल्ह्याच्या पार टोकाला जावं लागलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. घरात कुणी आजारी नव्हतं, कुठली अडचण नव्हती. ह्यांनी तर सांगितलं होतं, गेलीस तर मीही येईन सोबत. मला फक्त जायचं नव्हतं. माझं अंगण, माझी रोजची वाट, माझी खुर्ची सोडायची नव्हती. मी कायम शिक्षकांसाठी हात वर केला. इंद्रजित सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून कागद पुढं ओढला. आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या, आणि हे बाहेर बोलायचं नाही असं ठरलं.

बाहेर तू उन्हात उभी होतीस. मी म्हणाले, "साहेबांनी ऐकलंच नाही गं." तू माझा हात धरून मला सावलीत नेलंस, टपरीवरून चहा आणून दिलास. म्हणालीस, "तुमी लई केलं आमच्यासाठी." मी तो चहा प्याले, नंदा. सगळा प्याले.

एप्रिलअखेर तुझा करार संपला. जूनमध्ये वस्तीवरच्या शाळेला कुलूप लागलं. तू आता सोसायटीतल्या बालवाडीत पोरांचे डबे उघडून देतेस, हात धुवून देतेस, आणि मला भेटलीस की अजून वाकून नमस्कार करतेस.

परवा तू म्हणालीस की कंत्राटी शिक्षकांची वेगळी संघटना उभी राहतेय, मंगळवारी साहेबांनी चर्चेला बोलावलंय, आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय की पुढारीपण अनसूयाबाईंनी करावं, कारण त्या एकट्या शेवटपर्यंत आमच्या बाजूनं होत्या. म्हणून हे पत्र. मंगळवारी तुम्ही तीन वर्षांचा करार मागाल तेव्हा साहेब फाईल उघडतील आणि म्हणतील, ही मागणी तर तुमच्याच लोकांनी सोडून दिली होती, या बघा सह्या. वरून तिसरी माझी आहे. ती तू त्यांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर पहिल्यांदा पाहू नयेस. माझ्याकडच्या प्रतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मिळताच वाच, बाकीच्यांना दाखव. त्या कागदावर तुमच्यापैकी एकाचीही सही नाही, तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हेच मंगळवारी आधी मांडा, साहेबांनी फाईल उघडायच्या आत. कुणी साक्ष मागितली तर मी येईन आणि जे घडलं ते माझ्या तोंडानं सांगेन. पण तुमच्या बाजूच्या खुर्चीवर मला बसवू नकोस. तिथं तू बस.

तुझीच,
अनसूयाबाई