ट्रिशचं पुढचं चाक

४ फेब्रुवारी २००७, रविवार

परत तोच वारा. फेदरस्टनहून येताना रिमुताका हिलच्या घाटातल्या वळणावर सायकलसकट बाजूला ढकलली गेले. ट्रिश मागून म्हणाली, हे काहीच नाही, हिवाळ्यात इथे ट्रक आडवे होतात. इथे जन्मलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट ‘हे काहीच नाही’ असते.

ट्रिश आमच्या टीमची लीडर. तिने जिंकायचं आणि आम्ही बाकीच्यांनी तिच्यापुढे वारा खायचा, तिला बाटल्या आणून द्यायच्या. दोन सीझन हेच करतेय आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. सांगलीत सायकलिंगच्या सरांनी हेच शिकवलं होतं. आमचा स्पॉन्सर किचन बनवणारी कंपनी, जर्सीच्या पाठीवर सिंकचं चित्र. माझा नवरा नितीन म्हणतो, तुझ्या आईची इच्छा पुरी झाली, आलीस एकदाची किचनमध्ये.

जेवताना मॅनेजर ग्रॅहमचा फोन. ऑस्ट्रेलियातली एक प्रोफेशनल टीम पुढच्या सीझनसाठी मुलगी शोधतेय. पगारी. तो आमच्यातलं एकच नाव देणार. शनि-रविच्या वैरारापातल्या रेसमध्ये मी किंवा ट्रिश, जी पुढे राहील तिचं. ‘तिलाही सांगितलंय,’ म्हणाला.

मी एकतीस, ती चौतीस. मुलगी म्हणे.

६ फेब्रु., मंगळ. (सुट्टी)

ट्रिशबरोबर हिलवर दोनदा. ऑस्ट्रेलियाचा विषय दोघींनीही काढला नाही. वर पोचल्यावर तिने अर्धा सँडविच दिला, मी थेपला दिला. तिने दोन खाल्ले.

पहिल्या हिवाळ्यात मी लोकरीचे घरगुती हातमोजे घालून आले होते. तेव्हा तिने स्वतःचे विंडप्रूफ दिले आणि परत मागितले नाहीत. हे लिहून ठेवते, कारण शनिवारी मी तिला मागे टाकायचं ठरवलंय.

१० फेब्रु., शनि. मार्टिनबरो

टाकलं. मेंढ्यांच्या कुंपणापाशी चौघी निसटल्या, त्यात मी. आपली बाई पुढे गेलेली असली की टीमने पाठलाग करायचा नसतो, मागे आरामात बसायचं. ट्रिशला बसावंच लागलं. शेवटी मी तिच्यापेक्षा मिनिटभराहून जास्त पुढे. ‘गुड ऑन यू,’ म्हणाली. हेल्मेट काढताना म्हणाली, माझ्याकडे बघून नव्हे.

मोटेलात ग्रॅहम: उद्याही प्लॅन तोच. लीडर ट्रिश.

मी: पण पुढे मी आहे ना?

तो: हो, हो. पण लीडर ट्रिश.

म्हणजे मी पुढेही राहायचं आणि तिच्या बाटल्याही वाहायच्या. नितीनला फोनवर सांगितलं तर म्हणे, ‘अगं, मग हे आपल्या ऑफिससारखंच झालं.’ हसू आलं, पण राग गेला नाही.

११ फेब्रु., रवि.

जमेल तसं लिहिते.

हिल सुरू व्हायच्या आधीच्या सरळ रस्त्यावर ट्रि.चा हात वर गेला (यापुढे नुसतं ट्रि., तिचं पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही). ‘फ्रंट!’ म्हणून ओरडली, म्हणजे पुढचं चाक बसलं, आणि कडेला थांबली. आमच्या टीमची तिच्याजवळ मी एकटीच. मी ब्रेक मारला, वळून मागे आले. ती पाठमोरी, सायकलवर वाकलेली. मी माझ्या पुढच्या चाकाची कळ उघडली, चाक तिच्या हातात दिलं, तिचं माझ्याकडे आलं. ती बसली, मी पाठीला रेटा दिला, ती गेली. सगळं मिळून जेमतेम श्वासभराचं काम. सरांनी आमच्याकडून हे शाळेच्या मैदानावर घटवून घेतलं होतं. लीडरचा हात वर गेला की आधी उतरायचं, विचार घरी जाऊन करायचा.

मग आमची गाडी आली. टपावर दोन जादा चाकं. ग्रॅहम आत. मी हात केला. त्याने काचेतून ‘मागची गाडी’ अशी खूण केली आणि ट्रि.च्या मागे निघून गेला. मागची गाडी कुठली? आमची एकच गाडी आहे. तिथे वाऱ्यात बसकं चाक धरून मी उभी. अख्खा घोळका गेला, मग मागे पडलेल्या गेल्या, मग बाटल्या गोळा करणारे काका. शेवटी रेस सोडलेल्यांची व्हॅन. ड्रायव्हरने इथला नमस्कार घातला, किया ओरा, मग म्हणाला, हार्ड लक, मागे बस.

ट्रि. तिसरी आली. आमच्यातली पहिली. मी निकालात नाहीच.

१२ फेब्रु., सोम.

ग्रॅहमची ईमेल, सगळ्या टीमला. ‘मॅडी ही खरी टीम प्लेयर.’ माधवी म्हणायला यांना जड जातं. ऑफिसात कुणीतरी ती ईमेल वाचून ‘ऑसम’ म्हणालं. मी कॉफी सांडली, चुकून नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये ट्रि.चं चाक भिंतीला टेकवलेलं दिसलं. इथले लोक पंक्चर ट्यूब सरळ फेकतात. मला ते आजही जमत नाही, पंक्चर काढल्याशिवाय चैन पडत नाही. सोल्युशन, पॅच, पॉलिश पेपर घेऊन बसले. राग असला तरी हाताला काम हवं. टायरच्या आतून बोट फिरवलं. काच नाही, काटा नाही. ट्यूबमध्ये हवा भरली, बादलीत बुडवली, गोल फिरवली. एक बुडबुडा नाही. परत फिरवली. व्हॉल्व्हपाशी धरून ठेवली. पाणी शांत.

नितीनला बोलावलं. त्यानेही फिरवून पाहिली. बाही कोपरापर्यंत भिजली त्याची.

पंप लावायला गेले तेव्हाच व्हॉल्व्हच्या टोकावरचा बारका नट उघडा होता. तेव्हा लक्ष दिलं नाही. रेसच्या ट्यूबचं असं असतं की तो नट सोडून बोटाने दाबल्याशिवाय हवा सुटत नाही.

ती पाठमोरी वाकली होती.

मी टायर दाबला नाही, नटही पाहिला नाही. एक अंगठा लावायचा होता फक्त.

१३ फेब्रु., मंगळ.

काल रात्रीच ट्यूब परत घातली, कडक हवा भरली, चाक गॅरेजमध्ये ठेवलं. नितीन म्हणाला, ‘हे बघ, बारीक लीक असेल. पाण्यात दिसत नाही कधी कधी. मॅप, थोडं थांब.’ (मला मॅप म्हणतो, माधवी आपटे-पटवर्धन. जुना विनोद.) म्हटलं, ठीक आहे, थांबते. बसलं तर ती खरी. नाही बसलं तर मी.

सकाळी अंगठ्याने दाबलं. कडक.

१५ फेब्रु., गुरु.

कडक.

ग्रॅहमला फोन केला. सगळं शांतपणे सांगितलं. बादली, नट, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग, ‘मॅडी, पंक्चर होतात.’

मी: हे झालेलं नाही, म्हणून तर फोन केला.

तो: तू अपसेट आहेस. समजू शकतो.

मी: घरी येऊन चाक बघ.

तो: चाकात हवा आहे हे बघायला मी तुझ्याकडे अप्पर हटपर्यंत येऊ?

आणि मग हे वाक्य: ‘खरं सांगू, तुम्ही लोक किती शांत असता याचं मला नेहमी कौतुक वाटायचं.’ तुम्ही लोक! माझी शांतता त्याला एवढी सोयीची होती. त्या सोयीवर दोन वर्षं टीम चालवली. आमच्यासाठी थांबायचं नाही, आम्हाला विचारायचं नाही, आणि आम्ही विचारलं की आम्ही अपसेट. फोन ठेवल्यावर सगळी उत्तरं सुचली. ती भांडी घासताना म्हटली, मोठ्याने. नितीन टीव्हीचा आवाज न वाढवता नुसता ऐकत बसला, हे त्याचं चांगलं आहे.

फोनवर एवढंच मिळालं की नाव अजून पाठवलेलं नाही. पंचवीस तारखेची आमच्या हिलवरची रेस झाल्यावर पाठवणार. ‘तुला न्याय म्हणून,’ म्हणाला. वर हेही, की त्या दिवशी लीडर ट्रिश.

१८ फेब्रु., रवि.

कडक. सकाळी आधी चहा, मग चाक. नितीन याला पूजा म्हणतो.

आईचा फोन. सगळं सांगितलं. तिला सायकलमधलं कळत नाही, पण माणसांतलं कळतं.

‘तिने मुद्दाम केलं म्हणतेस?’

‘हो.’

‘मग तिला विचारलंस?’

‘नाही.’

‘त्या मॅनेजरशी भांडलीस, नवऱ्यापुढे भांडलीस, आता माझ्यापुढे भांडतेस. जिने केलं ती सोडून सगळ्यांशी भांडून झालं की गं.’

मग विचारलं, जेवलीस का.

२० फेब्रु., मंगळ.

कडक. खरं तर एव्हाना मला ते बसायला हवं होतं. पहाटे जाग आली आणि वाटलं, जाऊन बघावं, मऊ पडलं असेल, तर सगळं सोपं होईल. तिची माफी मागेन, मनातल्या मनात. गेले नाही. सकाळी दाबलं.

पूर्वीच्या काळी युरोपात म्हणे साथीदार पूर्ण चाक द्यायचे आणि रस्त्याच्या कडेला बसून रडायचे, तरी त्यांना मान होता. त्यांची चाकं पंक्चर झालेल्या माणसाला मिळत असतील.

ते विंडप्रूफ हातमोजे खणात सापडले. फेकणार होते. उन्हाळा आहे, राहू दे.

२३ फेब्रु., शुक्र.

ट्रि. आली. ऑफिसातून येऊन मी कपडे वाळत घालत होते, तिची गाडी ड्राइव्हवेत. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, हातात माझं चाक. धुऊन पुसून आणलेलं, स्पोकसुद्धा चकचकीत. ‘परवा लागेल तुला,’ म्हणाली.

मी गॅरेजमधून तिचं आणलं. तिने घेतलं आणि सवयीने टायरवर अंगठा दाबला. आम्ही सगळेच दाबतो, हातात चाक आलं की. अंगठा तिथेच राहिला.

‘नवी ट्यूब घातलीस? थँक्स.’

‘तीच आहे.’

‘पंक्चर काढलंस?’

‘काढायला बसले होते. सापडलं नाही.’

तिला वाटलंच नसेल की कुणी पंक्चर शोधत बसेल. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. वाळत घातलेल्या चादरीचा फडफड आवाज येत होता. आत नितीनने मिक्सर लावला आणि लगेच बंद केला, म्हणजे खिडकीशी होता.

‘स्लो लीक असेल,’ ती म्हणाली.

‘असेल. अजून तरी बसलं नाही.’

आईचं वाक्य डोक्यात होतं. विचारायचंच होतं, अगदी ओठावर. तेवढ्यात तिने चाक डिकीत ठेवलं, दार लावलं, आणि दाराला टेकून म्हणाली, ‘तुला पुढच्या वर्षी चान्स मिळेल, मॅडी. मला नाही मिळणार.’

हे काय होतं? कबुली? विनंती? मला एवढा संताप आला की मराठीच तोंडात आलं. ‘तुझं वय काय मी वाढवलं?’ तिला कळलं नाही. अर्थ सांगितला नाही. आणि चीड याची की तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी तिला कोणी विचारणार नाही. पण मग हिलच्या पायथ्याशी थांबून, माझ्या तोंडावर सांगायचं होतं, मॅडी, हे चाक मला दे. सरळ मागितलं असतं तर मी—. नाही, दिलं नसतं. बहुतेक नसतं. पण मागायला तरी हवं होतं. मी न मागता दिलं, आणि तिने त्याचीच चोरी केली.

गाडी सुरू करून काच खाली केली. ‘रविवारी हिलवर माझ्या पुढे राहशील ना? नॉर्थवेस्टर्ली वारा आहे.’

‘बघू,’ म्हटलं. हेही मराठीतच. तिने मान हलवली, जणू कळलं.

नितीन बाहेर आला. ‘काय ठरलं?’ म्हटलं, ग्रॅहमचं ठरलंय. माझं चाक फोर्कमध्ये बसवलं, कळ आवळली. दाबून पाहिलं. कडक. तिने हवाही भरून आणली होती.

आता परवाचं. वारा समोरून असेल, पायथ्यापर्यंत आम्ही दोघी एकत्रच असू, बाकीच्या तिथे गळतात. तिचा हात पुन्हा वर गेला तर माझे पाय थांबतील, तो सरांचा संस्कार आता निघायचा नाही. थांबेन, उतरेन. पण या वेळी कळ उघडायच्या आधी तिच्या टायरवर अंगठा ठेवेन, व्हॉल्व्हचा नटही बघेन. टायर कडक किंवा नट उघडा असला तर तिला तिथेच सोडून वर जाईन, मागे बघणार नाही.

आणि नट बंद असून टायर खरंच मऊ लागला तर काय, ते अजून ठरत नाहीये.