गरम पाण्याचं कुंड

मंगळवार, लालबाग

आज फार थकले. ऑफिसच्या नव्या कामात एका ज्वालामुखीच्या बेटावर जमिनीतल्या गरम पाण्यावर खोबरं सुकवायचं यंत्र बसणार आहे. नकाशा माझाच. तिथल्या कुंडाचं सगळं पाणी मी पाइपात घेतलंय. सकाळी व्हिडिओ कॉलवर तिथल्या एका म्हातारीने विचारलं, "मग आम्ही आंघोळ कुठे करायची?" साहेब म्हणाले, "पुढचा मुद्दा." मीही पुढचं पान उघडलं. का उघडलं?

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती राजापूरकडची, गरम झऱ्याच्या गावात वाढलेली.

"अगो, सुकवून झाल्यावर पाणी जातं कुठे?"

"समुद्रात."

"तेव्हा ते थंड झालेलं असतं?"

नसतं. आंघोळीला पुरेल इतकं गरम असतं. म्हातारीसमोर मला हे का सुचलं नाही?

नकाशात समुद्राकडे जाणारा पाइप कुंडाकडे वळवला आणि तो साहेबांना पाठवून दिला. रागावतील. रागावू देत.